मॅकटेल टाइप २ : नाव एका तपासणीचे, निदान दुसऱ्या तपासणीचे

मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया टाइप २, म्हणजेच मॅकटेल, या दृष्टिपटलाच्या (डोळ्यातल्या पडद्याच्या) आजाराला फुगलेल्या केशवाहिन्यांवरून नाव मिळाले, कारण त्या काळच्या तपासणीत तेवढेच दिसत होते.

१९६१ मध्ये नोव्होट्नी आणि अल्व्हिस यांनी शिरेतून फ्लुरेसिन टोचून दृष्टिपटलाची छायाचित्रे काढली. पुढे या अँजिओग्राफीत काही रुग्णांच्या पीतबिंदूच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या) कानाकडच्या बाजूला रुंदावलेल्या केशवाहिन्या आणि उशिराच्या चित्रांत पसरट पाझर दिसू लागला. १९८२ मध्ये गास आणि ओयाकावा यांनी अशा विकारांचे वर्गीकरण केले, १९९३ मध्ये गास आणि ब्लोडी यांनी टप्पे ठरवले. पाझर म्हणजे सूज, असे गृहीत धरून लेझर झाले, नंतर डोळ्यात इंजेक्शने झाली. इंजेक्शनाने पाझर कमी झाला, नजर मात्र सुधारली नाही.

१९९१ मध्ये ओसीटीचे, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर टिपणारे, तंत्र प्रसिद्ध झाले आणि पडद्याचा उभा छेद दिसू लागला. इथे गृहीतक कोसळले. मधुमेहाच्या सुजेत द्रव साचून पडदा जाड होतो. मॅकटेलमध्ये पोकळ्या दिसतात, पण पडदा जाड नसतो, बहुधा पातळच असतो. पेशी झिजून जागा रिकामी होते आणि वरचा पातळ पापुद्रा तेवढा त्या खड्ड्यावर ताणलेला राहतो. म्हणून अहवालातल्या मध्यवर्ती जाडीच्या आकड्यावर विसंबू नये. तो ठीक असतानाही आजार असू शकतो. छेद न पाहता अँजिओग्राफीवरच थांबले, तर मधुमेही सूज असा शिक्का बसतो. खड्ड्यालाच मॅक्युलर होल, म्हणजे पीतबिंदूला पडलेले आरपार छिद्र, समजण्याची चूकही होते.

निळ्या प्रकाशातल्या ऑटोफ्लुरेसन्सने, म्हणजे पडद्याची स्वतःची चमक टिपणाऱ्या छायाचित्राने, आणखी एक धागा दिला. निरोगी डोळ्यात पिवळे रंगद्रव्य निळा प्रकाश शोषते, म्हणून मध्य काळा दिसतो. मॅकटेलमध्ये ते रंगद्रव्य कमी होते आणि मध्य उजळतो. लवकर निदानासाठी ही खूण फार उपयोगी आहे. फक्त मोतीबिंदूने पिवळे पडलेले भिंग निळा प्रकाश आधीच अडवते आणि चित्र धूसर येते. २०१० मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या डोळ्यात पीतबिंदूच्या मध्यभागी म्युलर पेशी (दृष्टिपटलातल्या आधार पेशी) हरवलेल्या आढळल्या आणि आजार मुळात रक्तवाहिन्यांचा नाही, या मताला बळ आले.

आज पाठपुराव्यात मुख्य मोजमाप असते ते प्रकाशग्राही पेशींची रेषा, म्हणजे एलिप्सॉइड झोन, किती क्षेत्रात तुटली आहे याचे. त्यासाठी ओसीटीच्या छेदरेषा दाट हव्यात. त्यांच्यात २४० मायक्रॉनचे अंतर ठेवले तर लहान तुटलेला भाग निसटतो. दर वेळी फॉलो-अप मोडमध्ये त्याच जागी स्कॅन घ्यावा, नाहीतर जागा सरकल्यामुळे आलेला फरक आजाराची वाढ वाटतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या, डोळ्यात बसवायच्या पेशी-रोपणाच्या चाचण्यांतही हेच क्षेत्र मोजले गेले.

इंजेक्शन आता एकाच प्रसंगी उपयोगाचे ठरते: दृष्टिपटलाखाली नव्या रक्तवाहिन्या फुटल्या तर. नजर अचानक उतरली किंवा स्कॅनवर पडदा जाड झालेला दिसला, की ओसीटी अँजिओग्राफी (रंग न टोचता रक्तवाहिन्या दाखवणारी ओसीटी) लगेच करावी.