रोमन कांस्य नाण्यांचा संग्रह

रोमन साम्राज्यात तांबे, पितळ व कांस्य या धातूंत पाडलेली नाणी मिळवणे, त्यांचा काळ व टांकसाळ ठरवणे आणि ती टिकवणे. ‘कांस्य’ हा शब्द येथे सैलपणेच वापरतात. पहिला सम्राट ऑगस्टस याने लावून दिलेल्या घडीत सेस्टर्शिअस व दुपोंदिअस ही नाणी पितळेची आणि अ‍ॅस तांब्याचे होते; 4 सेस्टर्शिअस, 8 दुपोंदिअस किंवा 16 अ‍ॅस म्हणजे चांदीचा एक देनारिअस. खरे कांस्य (तांबे व कथील), तेही शिशाची भर घातलेले, उत्तरकाळातल्या नाण्यांत दिसते.

पहिल्या-दुसऱ्या शतकातला सुबक सेस्टर्शिअस (सुमारे 25 ग्रॅम, 32 ते 35 मिमी) महाग पडतो. चौथ्या शतकातला खुर्दा मात्र स्वस्त आहे, आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. स्वस्ताईचे कारण जमिनीत आहे. पैशाची किंमत ढासळत होती तशी लोकांनी मडकीच्या मडकी पुरली. इंग्लंडमध्ये फ्रोमजवळ 2010 साली एकाच मडक्यात तिसऱ्या शतकातली 52,503 नाणी निघाली. सीटन डाउन येथे 2013 साली मिळालेल्या साठ्यात 22,888 नाणी होती.

इसवी सन 294च्या सुमारास सम्राट डायोक्लीशनने सुमारे 10 ग्रॅमचे, चांदीचा पातळ मुलामा दिलेले नुम्मुस हे नाणे काढले. पुढच्या चाळीस वर्षांत तेच नाणे अडीच ग्रॅमवर, मग दीड ग्रॅमच्या आसपास आले. पाचव्या शतकातली चिल्लर जेमतेम एक ग्रॅमची. उत्तरकाळातल्या कोणत्या नाण्याला तेव्हा काय म्हणत हे बहुधा सांगता येत नाही, म्हणून संग्राहक सरळ व्यास मोजतात: 25 मिमीहून मोठे ते एई1 (‘एई’ म्हणजे तांबे-कांस्यासाठीच्या लॅटिन ‘एस’ शब्दाची खूण), 21 ते 25 मिमीचे एई2, 17 ते 21 मिमीचे एई3 आणि त्याहून लहान ते एई4.

वाचन. दर्शनी बाजूला सम्राटाचा मुखवटा व नाव, मागच्या बाजूला चित्र व घोषवाक्य, आणि चित्राखालच्या आडव्या रेषेच्या तळाशी टांकसाळीची खूण. नवखा माणूस मुखवट्यात अडकतो. पण चौथ्या शतकात सगळे सम्राट एकाच साच्यातले दिसतात, म्हणून ओळख अक्षरांवरूनच पटवावी लागते. कॉन्स्टान्टिनुस आणि कॉन्स्टान्टिउस या दोन नावांत फरक एका ‘एन’चा, आणि नेमके तेच अक्षर झिजलेले असते.

उदाहरणादाखल 17 मिमीचे एक नाणे घेऊ. मागे दोन शिपाई समोरासमोर उभे, कडेने ‘ग्लोरिआ एक्सर्कितुस’ म्हणजे सैन्याचा गौरव. शिपायांच्या मधले ध्वजदंड मोजावेत: दोन असतील तर नाणे इसवी सन 330 ते 335च्या सुमाराचे, एकच असेल तर त्यानंतरचे आणि वजनालाही हलके. तळाची अक्षरे ‘टी आर एस’ असतील तर टांकसाळ जर्मनीतल्या ट्रीअरची आणि टांकसाळीतला कारखाना दुसरा (सेकुंदा). पश्चिमेकडील टांकसाळी कारखान्याचा क्रम लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांनी दाखवत, पूर्वेकडील बहुधा आल्फा, बीटा, गॅमा या ग्रीक अक्षरांनी. हमखास फसवणारी खूण ‘कॉन्स्ट’ ही आहे. ती पाहून कॉन्स्टँटिनोपल म्हणावेसे वाटते; पण आधी पी किंवा एस हे अक्षर असेल तर नाणे फ्रान्समधल्या आर्लचे, कारण त्या शहराला तेव्हा कॉन्स्टँटिनचे नाव दिलेले होते. कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यावर ‘कॉन्स’ आणि त्यानंतर ग्रीक अक्षर येते.

सफाई. बहुतेक नाण्यांचा नाश याच पायरीवर होतो. मातीत दीड हजार वर्षे राहिलेल्या नाण्यावर हिरवा, तपकिरी किंवा काळा असा टणक थर चढतो. त्याला पॅटिना म्हणतात. झिजलेली अक्षरे पुष्कळदा या थरातच शिल्लक असतात. थर गेला की खाली खडबडीत, खड्डे पडलेला धातू उरतो आणि वाचायला काही राहत नाही. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने लखलखीत करतात. नाण्याला याहून वाईट उपचार नाही: चिंचेतले आम्ल पॅटिना खाते आणि मिठातले क्लोराइड पुढच्या रोगाचे बी पेरते. लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी ही सगळी याच यादीतली. मुलामा शिल्लक असलेल्या नाण्याची चांदी तर आम्लात बघता बघता जाते.

योग्य रीत वेळखाऊ आहे. नाणी प्लास्टिकच्या डब्यात डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवावीत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते नको. पाणी पहिल्या आठवड्यात रोज, नंतर दर तीन-चार दिवसांनी बदलावे आणि प्रत्येक वेळी मऊ दातब्रशने सुटी झालेली माती काढावी. महिना, दोन महिने सहज जातात. उरलेली माती बांबूच्या काडीने, मग 10 ते 20 पट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली सुईने टिपावी. सुई उभी खुपसायची नाही. जवळजवळ आडवी धरून मातीचा पापुद्रा उचकटायचा. माती करकरते आणि भुगा होते, पॅटिना गुळगुळीत लागते. हा फरक बोटांना कळू लागेपर्यंत दोन-चार टाकाऊ नाणी हाताखालून जाऊ द्यावीत. ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने बुडवण्याची जुनी पद्धत अजून चालते, पण तेलही आम्लधर्मीच असते आणि पॅटिना काळवंडते. शेवटी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, ते पूर्ण उडून गेल्यावर विस्तवापासून दूर मंद उष्णतेने सुकवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा.

कांस्यरोग. पॅटिनावर फिकट, पोपटी, पिठासारखे ठिपके दिसू लागले आणि काडीने सहज खरवडले गेले तर नाणे आजारी आहे असे समजावे. धातूजवळ दडलेले तांब्याचे क्लोराइड ओलावा व ऑक्सिजन मिळताच हायड्रोक्लोरिक आम्ल बनवते, ते नवा धातू खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होते. चक्र आपोआप थांबत नाही. असे नाणे आधी वेगळे काढावे. पूड यांत्रिकपणे काढून नाणे सोडियम सेस्क्विकार्बोनेट या सौम्य अल्कलीच्या द्रावणात (जुन्या प्रघाताप्रमाणे 5 टक्के) आठवडेच्या आठवडे ठेवतात, मग डिस्टिल्ड पाण्यात धुतात. या द्रावणाने पॅटिनाचा रंग पालटू शकतो, म्हणून निरोगी नाण्यावर ते उगाच वापरू नये. हवेतली सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली असली की रोग दबून राहतो. मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ती 80च्या वर असते, त्यामुळे इथे घट्ट झाकणाचा डबा आणि वेळोवेळी तापवून कोरडी केलेली सिलिका जेल यांना पर्याय नाही. मऊ पीव्हीसीचे पाकीट टाळावे. त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनी नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पॉलिएस्टरचे पाकीट चालते. ओकच्या लाकडाचा खण चालत नाही, त्यातून आम्लाची वाफ निघते.

नकली नाणी. ओतीव नकलेच्या कडेवर शिवण, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खळगे आणि साबणासारखी बोथट अक्षरे दिसतात. सोळाव्या शतकात पादोव्हाच्या जोव्हानी दा काव्हिनो याने सेस्टर्शिअसच्या धर्तीवर ठसे कोरून देखणी पदके पाडली; ती आज स्वतंत्रपणे संग्राह्य आहेत, पण रोमन नव्हेत. याहून जास्त फसवणूक अस्सल नाण्यांत होते: झिजलेल्या सेस्टर्शिअसवर केस, वस्त्रांच्या चुण्या नव्याने कोरतात आणि वरून रंगाची पॅटिना चढवतात. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाला हिरवा रंग लागला तर काय ते कळते.

भारताशी संबंध. पहिल्या शतकात भारतात आलेली रोमन नाणी मुख्यतः सोन्याचांदीची. चौथ्या-पाचव्या शतकातली छोटी कांस्य नाणी तमिळनाडूत, विशेषतः करूर व मदुराईकडे, आणि श्रीलंकेत सापडतात. ती फार झिजलेली असतात. महाराष्ट्रात तेर येथे रोमन नाण्यांच्या छापाच्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत.

आपल्याकडे शंभर वर्षांहून जुने नाणे 1972च्या पुरावस्तू कायद्यात येते. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. जमिनीत सापडलेला ठेवा 10 रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर 1878च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो. इंग्लंडमध्ये 300 वर्षांहून जुनी किमान दहा कांस्य नाणी एकत्र मिळाली तर ती ‘ट्रेझर’, म्हणजे कायद्याने कळवावा लागणारा ठेवा, ठरतात. खरेदी करताना विक्रेत्याची पावती आणि नाणे कुठून आले याची लेखी नोंद मागून घ्यावी, आणि प्रत्येक पाकिटातल्या चिठ्ठीवर वजन, व्यास, टांकसाळीची खूण व खरेदीची तारीख लिहून ठेवावी.