ड्रॉइंग, हिशेब आणि उभं बांधकाम : अणुवीज केंद्रातल्या ‘ॲज-बिल्ट’ पडताळणीची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात अणुवीज केंद्र नाही. फताटेवाडी-आहेरवाडीच्या एनटीपीसी केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, पण ते कोळशावर चालतात. तरी अणुभट्टीच्या बांधकामाशी या भागाचं नातं आहेच. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी वसवलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात अणुभट्ट्यांसाठीची जड उपकरणं घडतात, आणि प्रकल्पांच्या साइटवर क्वालिटी विभागात काम करणाऱ्यांत आपल्याकडचे डिप्लोमा-डिग्रीवाले असतात. तिथं रुजू होताच हातात चेकलिस्ट पडते. तिच्यातला एकेक रकाना का आला, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. बहुतेक रकान्यांमागे कुठल्या तरी केंद्रातली एक ठरावीक चूक आहे.

साध्या बांधकामात ॲज-बिल्ट ड्रॉइंग, म्हणजे प्रत्यक्षात जसं बांधलं गेलं तसं दाखवणारं ड्रॉइंग, शेवटी येतं. गिरणी असो की साखर कारखाना, काम संपत आलं की ठेकेदाराचा माणूस मूळ ड्रॉइंगवर लाल पेनानं बदल मारतो, ड्राफ्ट्समन ते नीट काढतो आणि फाइल शेवटच्या बिलाला जोडली जाते. पाइप दोन वितांनी सरकला तर सरकला, पाणी वाहतंय ना, एवढं पुरतं. अणुवीज केंद्रात हे चालत नाही, कारण त्या पाइपवर भूकंपाचा, तापून लांबण्याचा, शेजारची लाइन फुटण्याचा हिशेब आधीच झालेला असतो. पाइप सरकला की हिशेब राहतो एका पाइपचा आणि भिंतीवर असतो दुसराच.

अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगानं जून १९७० मध्ये गुणवत्तेचे १८ निकष कायद्यात घातले. ‘अपेंडिक्स बी’ या नावानं ते ओळखले जातात. डिझाइनवर नियंत्रण, ड्रॉइंगची चालू आवृत्तीच साइटवर असणं, काम करणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसानं तपासणी करणं, न जुळलेल्या कामाची नोंद, कागदपत्रांचं जतन हे सगळं त्यात आहे. आज जगभरच्या साइटवर ‘एनसीआर’ (नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट, म्हणजे न जुळलेल्या कामाची नोंद) म्हणून जो कागद फिरतो, त्याचं मूळ इथं सापडतं. पण त्या काळी तपासणीचा प्रश्न एकच होता : ठेकेदारानं ड्रॉइंगप्रमाणे केलं का? तेवढाही प्रश्न प्रत्येक वेळी नीट विचारला गेला नाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे केंद्रात ४२० टनांचं रिॲक्टर व्हेसल (अणुइंधन ठेवायचं पोलादी पात्र) उलट्या दिशेला तोंड करून बसवलं गेलं.

खरा बदल १९७९ मध्ये झाला. त्या मार्चमध्ये अमेरिकी नियामक आयोगानं पाच अणुभट्ट्या बंद करायला लावल्या. त्यांच्या पाइपिंगच्या भूकंप-विश्लेषणासाठी वापरलेल्या संगणक प्रोग्रॅममध्ये भारांची बेरीज चुकीच्या पद्धतीनं होत होती. अधिक-उणे चिन्हांसकट बेरीज केल्यानं काही भार एकमेकांना कापून टाकत होते. हिशेब नव्यानं करायचा म्हणून माणसं प्रत्यक्ष पाइप मोजायला गेली, तेव्हा दुसरंच प्रकरण बाहेर आलं. पाइपला धरून ठेवणारे सपोर्ट ड्रॉइंगमधल्या जागी नव्हते, काही वेगळ्या प्रकारचे होते, आणि स्विंग चेक व्हॉल्व्हची (उलटा प्रवाह रोखणाऱ्या झडपांची) वजनं हिशेबात चुकीची धरली होती.

२ जुलै १९७९ रोजी आयोगाचं ‘७९-१४’ हे बुलेटिन निघालं. अडीच इंच आणि त्याहून मोठ्या व्यासाच्या सुरक्षेशी संबंधित पाइपलाइन प्रत्यक्ष मोजून हिशेबाशी जुळवा, असा आदेश त्यात होता. काय काय तपासायचं त्याची यादी आजही जवळपास तशीच वापरात आहे : पाइपची भूमिती, सपोर्टची जागा, सपोर्टचं काम आणि त्यातली मोकळी फट, भिंत-स्लॅबमधून जाताना सोडलेली जागा, काँक्रीटमध्ये आधीच बसवलेल्या पोलादी एम्बेड प्लेट, पाइपला वेल्ड केलेले जोड, व्हॉल्व्ह आणि त्याच्या ऑपरेटरची जागा व वजन. कुठल्या कागदावरून तपासणार ते ३० दिवसांत कळवायचं, सहज पोहोचता येईल अशा भागातली तपासणी ६० दिवसांत आणि उरलेली १२० दिवसांत संपवायची, अशी मुदत होती.

सपोर्टच्या जागेचा एवढा बाऊ कशासाठी, हे साध्या आकड्यांत कळतं. दोन सपोर्टमधलं अंतर ड्रॉइंगमध्ये ३ मीटर आहे आणि मध्ये केबल ट्रे आडवा आला म्हणून फिटरनं ते ३.६ मीटर केलं. अंतर १.२ पट झालं. वाकवणारा मोमेंट अंतराच्या वर्गानं वाढतो, म्हणजे १.४४ पट. झोळ चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे दुपटीहून जास्त. आणि पाइपची नैसर्गिक कंपनसंख्या वर्गाच्या प्रमाणात घटते : १० हर्ट्झची सुमारे ७ होते. इमारतीचा तो मजला भूकंपात नेमका ७ हर्ट्झच्या आसपास जोरात हलत असेल, तर पाइपवरचा भार कित्येक पट होऊ शकतो. व्हॉल्व्हचा मोटर ऑपरेटर उभ्याऐवजी आडवा बसवला तरी वजन तेच राहतं, पण ते पाइपच्या मध्यरेषेपासून बाजूला लटकतं आणि पाइपला पीळ बसतो. गाइड सपोर्टमध्ये (पाइपला बाजूला सरकू न देणारा, पण लांबीच्या दिशेनं सरकू देणारा सपोर्ट) ठेवायची फट वेल्डरनं बुजवली, तर पाइप तापल्यावर लांबायला जागा उरत नाही आणि तो सगळा जोर उपकरणाच्या नोझलवर, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडावर, जातो.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सोलापुरातही जाणवला होता. दख्खनचं पठार स्थिर, इथं मोठं काही होत नाही, हा समज त्या दिवशी मोडला. त्यामुळे ‘भूकंप आपल्याकडे कुठला’ ही सबब आपल्या भागातल्या इंजिनिअरला तरी शोभत नाही.

१९७९ च्याच मार्चमध्ये आलेलं ‘७९-०२’ बुलेटिन सपोर्टच्या बुडाची बेस प्लेट आणि ती काँक्रीटला धरणारे, भोकात फुगून बसणारे एक्स्पान्शन बोल्ट यांबद्दलचं. वेज आणि स्लीव्ह प्रकारच्या बोल्टला ४, शेल प्रकारच्या बोल्टला ५ इतका सुरक्षा गुणांक हवा, असं त्यात ठरलं. शिवाय प्लेट अगदी ताठ असते हे गृहीतही मोडीत निघालं. पातळ प्लेट वाकते, कडेनं उचकते आणि बोल्टवर हिशेबापेक्षा जास्त ताण येतो. इथली साइटवरची नेहमीची खोड म्हणजे ड्रिल सळईला लागलं की भोक उथळ राहतं, आणि मग बोल्ट कापून बसवला जातो. वरून नट-वॉशर व्यवस्थित दिसतात. म्हणून बोल्टच्या टोकावर लांबीचं अक्षर कोरलेलं असतं. ते अक्षर दिसत नसेल तर बोल्ट कापलेला असण्याचा संशय धरावा आणि अल्ट्रासोनिकनं लांबी मोजावी.

दोनच वर्षांनी कळलं की उभं बांधकाम ड्रॉइंगशी तंतोतंत जुळलं तरी भागत नाही. कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅनियन केंद्राच्या पहिल्या संचाला २२ सप्टेंबर १९८१ रोजी कमी शक्तीवर चालवण्याचा परवाना मिळाला आणि त्याच महिन्यात चूक सापडली. तिथले दोन संच आरशातल्या प्रतिमेसारखे उलटसुलट आहेत. किनाऱ्याजवळच्या होसग्री भ्रंशामुळे भूकंपाचा हिशेब पुन्हा करताना पहिल्या संचाच्या कंटेनमेंटमधल्या (अणुभट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीतल्या) भागासाठी दुसऱ्या संचाचं रेखाचित्र वापरलं गेलं होतं. म्हणजे सपोर्ट मजबूत केले होते, ड्रॉइंगप्रमाणेच केले होते, पण भलत्याच जागी. टेप घेऊन फिरणाऱ्या कुठल्याही इन्स्पेक्टरला हे सापडलं नसतं. १९ नोव्हेंबरला परवाना स्थगित झाला आणि त्रयस्थ संस्थेकडून डिझाइनची स्वतंत्र पडताळणी सुरू झाली. पहिला संच व्यावसायिक उत्पादनात यायला मे १९८५ उजाडला. आपल्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकवणारा प्रसंग हाच.

त्याच सुमाराला अमेरिकेतले बरेच प्रकल्प बांधकामाच्या दर्जावरून अडचणीत आले. इंडियानातल्या मार्बल हिलला काँक्रीटमध्ये हनीकोम्ब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या, सापडले. मिशिगनमधल्या मिडलंडला डिझेल जनरेटरची इमारत भरावावर खचली. ओहायोतलं झिमर केंद्र ९७ टक्के पूर्ण होऊन १९८४ मध्ये अणुकेंद्र म्हणून सोडून द्यावं लागलं. तिथं वेल्ड किती बिघडले होते यापेक्षा, चांगले कुठले आणि वाईट कुठले हे कागदावरून सिद्ध करता येईना, ही अडचण मोठी होती. पुढे ते कोळशावर चालवलं; क्षमता साधारण १,३०० मेगावॅट, म्हणजे जवळपास फताटेवाडीएवढी.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालं. त्यानंतरची मोठी परीक्षा कर्नाटकातल्या कैगा केंद्राची. १३ मे १९९४ रोजी पहिल्या संचाच्या आतल्या कंटेनमेंट घुमटाचा खालचा थर सुटला आणि सुमारे १३० टन काँक्रीट खाली आलं. इंधन भरलेलं नव्हतं, बांधकाम चालू होतं. घुमटातल्या वक्र प्रीस्ट्रेसिंग केबल (काँक्रीट आवळून ठेवणाऱ्या पोलादी तारांचे दोर) ताणल्या की त्या काँक्रीटला आत ओढतात, तर दाबलं गेलेलं काँक्रीट बाहेर फुगू पाहतं. त्यामुळे जाडीच्या आरपार ताण येतो आणि थर सुटू पाहतात. केबलच्या नळ्या एकाच पातळीत दाटीनं असल्या तर तिथं थर धरून ठेवायला काँक्रीटच कमी उरतं. हा दोष जगाला नवा नव्हता : फ्लोरिडात टर्की पॉइंटच्या घुमटात १९७० मध्ये आणि क्रिस्टल रिव्हरच्या घुमटात १९७६ मध्ये असेच थर सुटले होते. कैगाचा घुमट नव्यानं डिझाइन झाला, त्यात एम-६० दर्जाचं काँक्रीट वापरलं, आणि दोन्ही संच २००० मध्ये व्यावसायिक उत्पादनात आले. इथंही सळई-केबल मोजणाऱ्या माणसाकडून तो दोष सुटला असं म्हणता येत नाही. तो ड्रॉइंगच्याही आधीचा होता.

म्हणून आज पडताळणी तीन टोकांची असते : डिझाइनच्या अटी, कागदपत्रं आणि उभं बांधकाम. कुठलीही दोन टोकं जुळली तरी तिसरं सुटू शकतं. भारतात नियामक मंडळाची संमती टप्प्याटप्प्यानं मिळते. बांधकामाच्या टप्प्यातच खोदाई, पहिलं काँक्रीट आणि मुख्य उपकरणांची उभारणी असे वेगळे थांबे आहेत. पुढे इंधन भरण्याआधी, पहिल्या क्रिटिकॅलिटीआधी (अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया पहिल्यांदा चालू होण्याआधी) आणि शक्ती वाढवताना आणखी थांबे येतात. साइटवर त्याचंच छोटं रूप म्हणजे होल्ड पॉइंट, म्हणजे सही झाल्याशिवाय पुढचं काम बंद. विटनेस पॉइंटला मात्र बोलावलेला माणूस वेळेवर आला नाही तर काम पुढे नेता येतं. नवख्यांचा गोंधळ इथंच होतो. कारखान्यातून आलेल्या उपकरणाबरोबर ‘हिस्ट्री डॉकेट’ येतं : प्लेटचा हीट नंबर (पोलादाच्या ओतीव घाण्याचा क्रमांक), वेल्डरची पात्रता, रेडिओग्राफीचे निकाल, मापं, मान्य झालेल्या सवलती. उपकरण पोहोचलं आणि डॉकेट अपुरं आहे, तर ते उपकरण आलेलंच नाही असं समजायचं.

कागदाचीही फसवणूक होते. दक्षिण कोरियात २०१२-१३ मध्ये सुट्या भागांची आणि कंट्रोल केबलची खोटी चाचणी-प्रमाणपत्रं उघड झाली. केबल ड्रॉइंगप्रमाणेच बसवलेल्या होत्या, चाचणीचा अहवाल बनावट होता. मे २०१३ मध्ये त्यापायी चालू अणुभट्ट्या थांबवाव्या लागल्या.

अमेरिकेनं १९८९ मध्ये परवान्याची पद्धतच बदलली. बांधकाम आणि चालवणं यांचा एकत्र परवाना, आणि इंधन भरण्याआधी ठरवून दिलेल्या तपासण्या, चाचण्या व विश्लेषणं पूर्ण झाल्याचं दाखवायचं. जॉर्जियातल्या व्होग्टल केंद्राच्या तिसऱ्या संचासाठी अशा ३९८ बाबी होत्या. नियामकाची मान्यता ३ ऑगस्ट २०२२ ला मिळाली. त्याआधी २०१२ मध्ये पायाच्या स्लॅबची सळई परवान्यात लिहिलेल्या डिझाइनशी जुळत नसल्याचं निघालं आणि परवान्यात दुरुस्ती होईपर्यंत काँक्रीट थांबलं. २०२१ मध्ये केबलचा प्रश्न आला : सुरक्षेच्या आणि बिगर-सुरक्षेच्या केबलमध्ये ठेवायचं अंतर बऱ्याच ठिकाणी पाळलेलं नव्हतं. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी केंद्रात मेणबत्तीच्या ज्योतीनं हवेची गळती शोधताना लागलेल्या आगीत १,६०० हून अधिक केबल जळाल्या, तेव्हापासून हा नियम ठाऊक आहे. पण ट्रे भरत जातात, शेवटच्या महिन्यात घाई होते, आणि केबल ओढणारी टोळी रिकामी जागा दिसेल तिथून ओढते.

अलीकडे लेझर स्कॅनर आले. खोलीत उभं केलं की काही मिनिटांत लाखो बिंदू मिळतात आणि ते त्रिमितीय मॉडेलवर ठेवून फरक दिसतो. पाइपचा मार्ग, सपोर्टची जागा, ट्रेशी टक्कर यासाठी साधन उत्तम आहे. पण स्कॅनरला इन्सुलेशनच्या आतलं दिसत नाही, बोल्टची खोली दिसत नाही, फ्लँजचं पोलाद कुठल्या ग्रेडचं ते कळत नाही, आणि दोन-तीन मिलिमीटरची गाइडची फट त्याच्या अचूकतेच्या काठावरच असते. फटीला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), धातूला मिश्रधातू ओळखणारं यंत्र, आणि सळईला पोअर कार्डावर (काँक्रीट ओतायच्या परवानगीच्या कागदावर) सही करण्याआधीची मोजणी व फोटो हेच लागतं. काँक्रीट पडल्यानंतर रडारनं वरचा थर बऱ्यापैकी दिसतो. दाट जाळीच्या खालचे थर दिसत नाहीत.