यंत्राला न दिसणारी मोकळी जागा

सी भाषेतला एखादा प्रोग्राम घ्या. हॅशने (#) सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या सोडा, ओळीवरच्या टिपा काढून टाका आणि उरलेला सगळा कोड एकापुढे एक जोडून एकाच लांबलचक ओळीत कोंबा. कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, हूं की चूं करणार नाही. त्याच्या लेखी शब्द वेगळे करायला एक स्पेस पुरे, बाकीची मोकळी जागा तो वाचतच नाही. तुम्ही-आम्ही मात्र आधी तीच वाचतो. कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे हे कंस मोजून कोण बघतं? डावीकडे किती जागा सोडली आहे, एवढंच नजर टिपते.

म्हणजे एकाच मजकुराचे दोन वाचक आहेत आणि दोघं वेगवेगळ्या खुणा वाचतात. त्या खुणांचं आपसांत जुळलं नाही की काय होतं, ते २०१४च्या फेब्रुवारीत दिसलं. ॲपलला आयफोनसाठी तातडीचा अपडेट काढावा लागला. सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर खरा आहे ना, हे तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ (पुढचं सोडून ‘फेल’ या खुणेपाशी जा) ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. वर एक ‘इफ’, म्हणजे अट, खाली या दोन ओळी, दोन्ही सारख्याच आत सरकवलेल्या. वाचणाऱ्याला वाटणार, दोन्ही त्या अटीखालीच आहेत. पण तिथे महिरपी कंस नव्हते आणि कंस नसले की ‘इफ’च्या ताब्यात फक्त पहिली ओळ राहते. दुसरी ओळ मोकाट. अट लागू पडो न पडो, ती प्रत्येक वेळी चालायची आणि पुढची डिजिटल सहीची तपासणी न होताच काम आटोपायचं. या फाइलवरून एखादा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप ठरावीक पद्धतीने करणारा प्रोग्राम, फिरवला असता, तर ती दुसरी ओळ ‘इफ’च्या रांगेत डावीकडे येऊन उभी राहिली असती. चूक पकडली गेलीच असती असं मी म्हणणार नाही, पण तिला आडोसा तरी मिळाला नसता.

इंडेंट, म्हणजे ओळीच्या डावीकडे सोडलेली जागा, किती असावा, यावर प्रयोगही झाले आहेत. बेन श्नायडरमन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एकच प्रोग्राम वेगवेगळ्या इंडेंटने लिहून लोकांना वाचायला दिला आणि त्यावर प्रश्न विचारले. २ ते ४ स्पेस असताना तो सगळ्यात चांगला समजला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्यांना हे मान्य नसावं, कारण त्यांचा टॅब ८ अक्षरांचा. तीन पायऱ्यांपेक्षा आत जावं लागत असेल तर दोष टॅबचा नाही, तुमच्या प्रोग्रामचा, असं त्यांची नियमावली ठणकावते. ओळीच्या लांबीचं म्हणाल, तर ८० अक्षरांची मर्यादा आयबीएमच्या १९२८च्या पंचकार्डातून आली. कार्डं गेली, आकडा राहिला. पायथॉन भाषेच्या ‘पेप ८’ या शैलीच्या नियमावलीने ७९ धरले, पुढे पायथॉनच्याच ‘ब्लॅक’ या फॉरमॅटरने ८८. यात अमुकच बरोबर असं सिद्ध करायला गेलात तर टीमचा अख्खा आठवडा जाईल.

मग एकमत कशासाठी? त्याचं कारण मला डिफमध्ये दिसतं. दोन आवृत्त्यांमधला फरक दाखवणारा ‘डिफ’ हा प्रोग्राम डग मॅकिलरॉय यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिला आणि १९७४च्या युनिक्सबरोबर तो बाहेर पडला. तो ओळीनुसार तुलना करतो. कोडच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारं गिटही आपल्याला फरक दाखवतं ते ओळींतच. आता समजा, एका फाइलमध्ये ४०० ओळी आहेत. तुम्ही ‘पेक्षा कमी’ऐवजी ‘पेक्षा कमी किंवा समान’ केलं, एका अक्षराचा बदल. पण फाइल सेव्ह करताना तुमच्या एडिटरने परस्पर सगळ्या टॅबच्या स्पेस करून टाकल्या. रिव्ह्यू करणाऱ्यापुढे, म्हणजे बदल तपासणाऱ्या सहकाऱ्यापुढे, शेकडो लाल (काढलेल्या) आणि शेकडो हिरव्या (घातलेल्या) ओळी येतात. त्यातली तुमची खरी ओळ कोण शोधणार? तो वरवर स्क्रोल करतो, ‘ठीक वाटतंय’ लिहितो आणि ॲप्रूव्ह करतो. त्याच वेळी दुसऱ्या कुणी त्याच फाइलला हात लावला असेल, तर दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना कॉन्फ्लिक्टची, म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या बदलांची, माळ लागते ती वेगळीच. (रिकाम्या जागेतले बदल दाखवू नकोस, असं डिफला सांगता येतं. पण मोडून दोन केलेली ओळ त्याला तरीही बदललेलीच दिसते.)

फॉरमॅटर हा घोळ मुळातून संपवतो, कारण तो मजकुराची डागडुजी करत नाही. कोड वाचून तो आधी त्याची वाक्यरचना झाडाच्या रूपात मांडतो. या अटीच्या पोटात ही विधानं, या कॉलचे हे तीन पॅरामीटर, अशी. तुम्ही सोडलेली बहुतेक मोकळी जागा इथेच टाकून दिली जाते. मग त्या झाडावरून कोड पुन्हा छापायचा: एका ओळीत मावत असेल तर एका ओळीत, नसेल तर ठरलेल्या जागी तोडून. दहा जणांनी दहा प्रकारे लिहिलेली गोष्ट यातून जवळपास एकाच रूपात बाहेर पडते. ब्लॅक तर आधीचं आणि नंतरचं झाड ताडून बघतो आणि अर्थ बदलला असेल तर फाइलला हात लावत नाही.

२००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेबरोबर ‘गोफम्ट’ हा तिचा फॉरमॅटर आला, तेही पसंती-नापसंतीचे पर्याय न देता. गोच्या कर्त्यांपैकी एक, रॉब पाइक, म्हणतात की गोफम्टची शैली कुणाचीच आवडती नाही, तरी गोफम्ट सगळ्यांचं आवडतं आहे. मला वाटतं, वाद मिटला तो शैली चांगली होती म्हणून नव्हे. वाद घालायला समोर माणूसच उरला नाही, म्हणून.

नव्या प्रोजेक्टला हे सोपं जातं. जुन्या प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदा फॉरमॅटर फिरवायचा म्हणजे एक भलामोठा कमिट (गिटमध्ये एकदम नोंदवलेला बदल), आणि ‘ही ओळ कुणी लिहिली’ असं गिटला विचारलं की प्रत्येक ओळीपुढे तो कमिट करणाऱ्या बिचाऱ्याचं नाव. म्हणून तो कमिट वेगळा ठेवायचा, त्यात कामाचा एकही बदल घुसवायचा नाही. उघड्या ब्रँच, म्हणजे अजून मुख्य कोडमध्ये न मिसळलेली कामं, आधी जमतील तेवढ्या मर्ज करून घ्यायच्या. २०१९च्या ऑगस्टमध्ये आलेल्या गिट २.२३ पासून ‘ब्लेम’ला, म्हणजे ओळ कुणाची हे सांगणाऱ्या आज्ञेला, ठरावीक कमिट वगळायला सांगता येतात. त्यांची यादी एका छोट्या फाइलमध्ये प्रोजेक्टबरोबरच ठेवतात: एका ओळीवर कमिटची ओळख असलेला चाळीस अक्षरी हॅश आणि वर टिपेत दोन शब्द, ‘फक्त फॉरमॅटिंग’.