वास खाणारा वाफा

सांडपाणी केंद्रात येणारा कुजक्या अंड्यांचा वास हा हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू बराचसा केंद्राबाहेरच, गटारवाहिनीच्या बुळबुळीत थरात तयार होतो. तिथला प्राणवायू संपला की जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात. पुढे आवक विहिरीत पाणी खळाळले की वायू सुटतो. अब्ज भाग हवेत तो दोन-चार भाग असला तरी नाकाला कळतो. दहा लाखांत शंभर भाग झाला की मात्र नाकच बधिर होते, तेव्हा ‘वास गेला’ म्हणून कुणी विहिरीत उतरू नये.

अमेरिकेत रिचर्ड पोमरॉय यांनी 1957 मध्ये पेटंट घेतलेला उपाय साधा होता: ही हवा मातीतून जाऊ द्यायची, म्हणजे तिथले जिवाणू वास खाऊन टाकतात. आजचा जैवगाळा (बायोफिल्टर) त्याचाच वंशज. टाकी झाकायची, पंख्याने हवा ओढून ओलसर करायची आणि लाकडाच्या ढलप्या व कंपोस्टाच्या मीटरभर थराखालून सोडायची. हवेला आत साधारण 30 ते 60 सेकंद मिळावे लागतात. ताशी 1000 घनमीटर हवा आणि 45 सेकंद धरले, तर साडेबारा घनमीटर थर लागतो.

गाळा बिघडतो तो बहुधा पाण्यावरून. थरात ओलावा 40 ते 60 टक्के असावा. मूठ पिळली तर एखादाच थेंब यावा. हवा खालून येत असल्याने तळ आधी सुकतो आणि वरचे फवारे तिथवर पोचतच नाहीत. वरून सारे ओले दिसते, खाली भेगा पडतात आणि हवा त्यांतूनच निसटते. उलट पाणी जास्त झाले तर छिद्रे बुजतात, पंख्यावरचा दाब चढतो आणि थर स्वतःच कुजू लागतो.

दुसरी अडचण आम्लाची. वर हिशेब केलेल्या गाळ्यात दहा लाखांत 50 भाग वायू आला, तर जिवाणूंनी तो खाल्ल्यावर दिवसाला जवळजवळ पाच किलो सल्फ्युरिक आम्ल तयार होते! गंधक खाणाऱ्या काही जिवाणूंना सामू (pH) 2 सुद्धा चालतो, पण मर्कॅप्टनसारख्या गंधकयुक्त संयुगांचे इतर वास पचवणारे बहुतेक जिवाणू त्यात तग धरत नाहीत. चुना मिसळला तर जिप्सम धरून थर घट्ट होतो. वायू जास्त असेल तिथे दोन टप्पेच बरे: आधी प्लास्टिकच्या भरणावर पाणी फिरवणारा आम्लधर्मी मनोरा, मग कंपोस्टचा वाफा. मनोऱ्याचा निचरा उघड्या काँक्रीटवर सोडू नये.

फवाऱ्याला केंद्राचेच शुद्ध केलेले पाणी उत्तम, त्यात नत्र-स्फुरद आयतेच असते. मात्र ते क्लोरीन घालण्याआधीचे घ्यावे.