नाव असलेला चेहरा

‘मुंबईतल्या मुलांना वेगवेगळ्या संस्कृतींची पुस्तकं कशाला हवीत? लोकलच्या एका डब्यात अख्खा भारत दिसतो!’ पुस्तक प्रदर्शनांत पालकांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. बिनतोड वाटतं, पण बाळाचा मेंदू चेहरे कसे शिकतो हे पाहिलं की ते टिकत नाही. दिसणं वेगळं आणि ओळखू येणं वेगळं.

सहा महिन्यांच्या बाळाला दोन माकडांच्या चेहऱ्यांतला फरक कळतो. ऑलिव्हिए पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी २००२ साली हे दाखवलं. बाळ बोलत नाही, मग कळलं कसं? त्याला एक चेहरा दाखवत राहायचं, मग तोच चेहरा एका नव्या चेहऱ्याशेजारी ठेवायचा. बाळ नव्याकडे जास्त वेळ पाहत राहिलं, तर त्याला फरक कळला. नऊ महिन्यांच्या बाळांना माणसांच्या चेहऱ्यांत हा फरक कळत होता, माकडांच्या चेहऱ्यांत मात्र नाही. रोज लागतं ते मेंदू धारदार करतो आणि बाकीचं सोडून देतो. भाषेतही असंच होतं. आपल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना ऐकू येतो, पण वर्षाचं होईपर्यंत बहुतेकांना येईनासा होतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली हिंदी ध्वनी वापरून हे सिद्ध केलं होतं.

आता माझ्या सर्वांत आवडत्या प्रयोगाकडे येतो. लिसा स्कॉट आणि अलेक्झांड्रा मोनेसन यांनी सहा महिन्यांच्या बाळांच्या घरी माकडांच्या चेहऱ्यांची चित्रपुस्तकं दिली. आईबापांनी ती तीन महिने बाळाला दाखवायची होती. एका गटात प्रत्येक माकडाला स्वतःचं नाव होतं. दुसऱ्या गटात सगळ्यांना नुसतं ‘माकड’ म्हणायचं होतं. तिसऱ्या गटात काहीच म्हणायचं नव्हतं. चित्रं तिन्हीकडे तीच. नवव्या महिन्यात माकडांमधला फरक फक्त पहिल्या गटाला कळला. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. सगळ्यांना एकच शब्द लावला की लक्ष त्यांच्यातल्या सारखेपणाकडे जातं. प्रत्येकाला वेगळं नाव मिळालं की मेंदूला फरक शोधावाच लागतो: नाकाची ठेवण, डोळ्यांतलं अंतर, कपाळाची रुंदी.

पुढे या दोघींनी बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरीही टिपल्या. माणसाचा चेहरा सुलटा दिसला की उलटा, यानुसार डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातला प्रतिसाद बदलतो. चेहरे ओळखण्यात मुरलेल्या मेंदूची ही खूण आहे. माकडांच्या चेहऱ्यांसाठी ती वैयक्तिक नावं ऐकलेल्या बाळांत उमटली.

माणसांच्या बाबतीतही पुस्तक उपयोगी पडतं. २०११ सालच्या एका प्रयोगात गोऱ्या कुटुंबांतल्या बाळांना सहा ते नऊ महिन्यांच्या काळात चिनी चेहऱ्यांची चित्रपुस्तकं दाखवली. सगळं मिळून साधारण तासभरच. तरीही चिनी चेहरे वेगवेगळे ओळखण्याची क्षमता टिकली. गोऱ्या चेहऱ्यांची पुस्तकं पाहिलेल्या बाळांत ती टिकली नाही.

हे प्रयोग मुंबईत झालेले नाहीत, आणि चेहरा ओळखता न येणं म्हणजे पूर्वग्रह नव्हे. पण चीनमधल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांना आफ्रिकी चेहरे एकेक करून ओळखायला शिकवल्यावर त्यांच्यातला नकळतचा पूर्वग्रह मोजमापात कमी झाला. तेच चेहरे नुसते दाखवले तेव्हा झाला नाही. म्हणून मला लोकलच्या डब्याचा युक्तिवाद पटत नाही. तिथे चेहरे दिसतात, नावं कळत नाहीत. घरात त्यांच्याबद्दल बोलताना ‘भय्या’, ‘मद्रासी’, आणि ईशान्येकडचा कोणी असेल तर थेट ‘चिनी’ असे शब्द येतात. सगळ्यांना ‘माकड’ म्हणणाऱ्या गटाला जे मिळालं, तेच आपण मुलांना देतो. स्टेशनरीच्या दुकानातला ‘भारतातील पोशाख’ हा तक्ताही हेच करतो: एक फेटा म्हणजे पंजाब, एक साडी म्हणजे बंगाल.

गर्भसंस्काराचे वर्ग आणि ‘बाळ हुशार होईल’ म्हणून विकले जाणारे व्हिडिओ यांवर पैसे घालवू नका. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं समोर बसलेल्या माणसाकडून चिनी ध्वनी शिकली. तोच मजकूर पडद्यावरून दाखवला तेव्हा काहीच शिकली नाहीत. बाळाला मांडीवर घेऊन वाचणारं माणूस लागतं.

पुस्तकं महाग असायलाच हवीत असं नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या गोष्टी फुकट आहेत, तूलिका प्रकाशनाची द्विभाषिक चित्रपुस्तकं मराठीतही मिळतात. निवडताना एवढंच पाहा, की त्यातल्या मुलाला नाव आहे, घर आहे, त्याला काहीतरी हवं आहे. तो नुसता प्रांताचा पोशाख घालून उभा नाही. आणि मणिपूरच्या गोष्टीतलं ‘चिंगखेई’ जिभेला जड वाटलं, तरी वाचताना त्याचा ‘चिंटू’ करू नका. दोनदा अडखळा, पण तेच नाव घ्या. प्रयोगात फरक पडला तो नावामुळेच.