गाडीतलं लेदर : कातडं, रेक्झिन आणि आतला काथ्या

‘जुन्या अँबॅसेडरच्या लेदर सीटची सर आजच्या गाडीला नाही’ हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या मांडवात हमखास ऐकू येतं. त्यात निम्मं खरं आहे. आराम होता, पण लेदर नव्हतं. मराठवाड्याच्या रस्त्यांवर ज्या गाड्यांनी दोन-तीन पिढ्या वाहिल्या, त्या अँबॅसेडर, फिएट आणि पुढे काळी-पिवळी जीप, त्यांच्या सीटवर सहसा रेक्झिनच असायचं.

रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका मालाचं नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप द्यायचा आणि त्यावर कातड्यासारखी नक्षी दाबायची, अशी त्याची रीत होती. पुढे लेप पीव्हीसीचा, म्हणजे एका प्लास्टिकचा झाला, पण आपल्या तोंडी नाव तेच राहिलं. मे महिन्यात परभणी-नांदेडच्या उन्हात उभ्या गाडीत बसताना मांडीला चटका बसायचा आणि पाठ शर्टासकट चिकटायची, ती याच पीव्हीसीमुळे. लेपातून ना हवा जाते, ना घाम मुरतो.

मग आराम कुठून यायचा? गेल्या वर्षी जालन्यात एका कुशनवाल्याच्या दुकानी अँबॅसेडरची मागची सीट उसवताना मी शेजारी बसून पाहिली. वर तांबडं रेक्झिन, कडेच्या पायपिंगपाशी चिरलेलं. त्याखाली दबून पोळीसारखा झालेला कापसाचा थर. मग बोटभर जाडीचा काथ्या, त्याखाली गोणपाट आणि तळाशी सुतळीने एकमेकींना बांधलेल्या गोल स्प्रिंगा. कारागिराने दाभणाच्या टोकाने एक स्प्रिंग दाबून सोडली, ती जागच्या जागी उसळली. काथ्यातून हवा खेळायची, स्प्रिंगा खड्ड्याचा दणका झेलायच्या. आपण ज्याला ‘लेदरची मजा’ म्हणतो ती सगळी या खालच्या थरांत होती.

खऱ्या कातड्याची गोष्ट त्याहून जुनी आहे, आणि तिची सुरुवात आजच्या समजुतीच्या उलट आहे. घोडागाडीच्या काळात गाडीवान बाहेर, पावसात-चिखलात बसायचा. त्याच्या बैठकीला कातडं, कारण ते पुसता येतं आणि टिकतं. आतल्या मालकाला मऊ लोकरी कापड. इंग्लंडच्या सुरुवातीच्या बड्या मोटारींतही हीच रीत होती : पुढे ड्रायव्हरला कातडं, मागे मालकाला कापड. उघड्या मोटारींना मात्र पावसाला टिकणारं काहीतरी हवंच होतं. तिथून कातडं सगळ्या सीटांवर पसरलं आणि पुढे प्रतिष्ठेचं झालं.

कातडं म्हणजे काय हे आपल्या भागाला शिकवायला बाहेरून कुणी येण्याची गरज नव्हती. विहिरीवरची मोट कातड्याची, पखाल कातड्याची, चाबकाची वादी कातड्याची. माळरानावर आपोआप उगवणाऱ्या तरवडाची साल, बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडी मुरवून ढोर समाजाच्या माणसांनी ती कमावली. चुन्यात भिजवायची, केस काढायचे, मग कित्येक दिवस सालीच्या पाण्यात. या कसबावर गावाची शेती भिजली आणि गावाने त्याच माणसांना अस्पृश्य ठरवलं. लेदरचा इतिहास सांगताना हे गाळता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सालीऐवजी क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावण्याची रीत निघाली आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. पण सीटच्या दर्जात खरा फरक पाडला तो वरच्या रंगाने. पूर्वीच्या महागड्या गाड्यांत निवडक कातडं आणि रंगाचा पातळ थर असे. ते मऊ पडायचं, वास द्यायचं, घाम थोडा तरी पोटात घ्यायचं. निगा राखली नाही तर उन्हात तडकायचंही, हे विसरू नये. आता गोचिडाचे डाग, काटेरी तारेचे ओरखडे असलेलं कातडंही चालतं. वरचा पापुद्रा घासून काढतात, पॉलियुरेथेनचा रंगीत थर चढवतात आणि त्यावर ठशाने ‘कातड्याची’ नक्षी उठवतात. असं लेदर टिकाऊ असतं, डाग पुसला जातो, पण हात फिरवला की बोटाला लागतो तो रंग, कातडं नाही.

आपल्याकडे लेदर दिसू लागलं ते औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात २००१ साली स्कोडाचा कारखाना सुरू झाल्यानंतर. ऑक्टाव्हियाच्या वरच्या मॉडेलची सीट आधी शेजारच्याच्या गाडीत पाहायची, मग आपल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. पण मर्सिडीजच्या अनेक मॉडेलांतही सीटवर कंपनीचं कृत्रिम लेदर येतं. आणि जिथे खरं असतं, तिथेही बहुतेक गाड्यांत ते फक्त बसायच्या-टेकायच्या भागावर. बाजू आणि पाठीमागचा भाग लेदरेटचा, म्हणजे कृत्रिम लेदरचाच.

आतला काथ्याही गेला. साच्यात ओतलेला फोम आला. त्यामुळे कमरेला आधार नीट मिळतो, वळणावर अंग घसरत नाही, सीटच्या कडेत एअरबॅग बसते. लांबच्या प्रवासात नवी सीट पाठीला चांगली, हे मी मान्य करतो. पण फोम हवा कोंडतो, वरचा लेपही कोंडतो. म्हणून लेदरला बारीक छिद्रं पाडली. तीही आपल्या उन्हाळ्याला पुरेनात, तेव्हा सीटच्या पोटात पंखे आले. २०१७ च्या ह्युंदाई व्हर्नापासून असल्या सीटा मध्यम किमतीच्या गाड्यांत आल्या, आणि आता आपल्याकडे गाडी घेताना लोक सनरूफइतकंच याबद्दल विचारतात.

जालन्यातल्या त्या अँबॅसेडरच्या मालकांना कुशनवाल्याने फोम सुचवला होता, कमी खर्चात झालं असतं. त्यांनी नको म्हटलं. दोन तुटक्या स्प्रिंगा बदलल्या, काथ्या पिंजून परत भरला, सुतळी नवी घातली. वर रेक्झिनच चढवलं, मूळच्यासारखं तांबडं.