सैनिकी बूट (दुसरे महायुद्ध)

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) लढणाऱ्या देशांच्या पायदळांचे बूट एकमेकांहून बरेच वेगळे होते. हवामान व भूप्रदेश ही कारणे सहसा पुढे केली जातात. तथापि चामड्याचा पुरवठा आणि कारखान्यांची शिवणक्षमता यांचा वाटा त्याहून मोठा असावा. जर्मन पायदळाचा पोटरीपर्यंत येणारा खिळेबंद बूट याची साक्ष देतो: चामडे वाचवण्यासाठी युद्धकाळात त्याची उंची घटवण्यात आली आणि पुढे घोट्यापर्यंतचे बूट व कॅनव्हासचे गेटर (बुटावरून घोटा व पोटरीचा खालचा भाग झाकणारी आवरणे) त्याच्या जागी आले.

सोव्हिएत संघात चामड्याची टंचाई ‘किर्झा’ या कृत्रिम चामड्याने भागवली. त्याच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. काही लेखक हा मान मिखाईल पमोर्त्सेफ यांना देतात. त्यांनी १९०४ च्या सुमारास जाड सुती कापडावर पॅराफीन, राळ व अंड्यातील बलक यांच्या मिश्रणाचा लेप देऊन जलरोधक कापड बनवले होते. मात्र युद्धकाळातील किर्झामध्ये सुती कापडाच्या अनेक थरांवर कृत्रिम रबराचा लेप असे. आरंभीचा असा माल थंडीत कडक होऊन तडकत असे. हा दोष दूर करणाऱ्या अलेक्सांद्र खोमुतफ व इव्हान प्लोत्निकफ यांना १९४२ मध्ये स्तालिन पारितोषिक मिळाले. बुटांपुरते पाहता याच दोघांकडे श्रेय जाणे अधिक सयुक्तिक वाटते. किर्झा फक्त पोटरीच्या भागाला वापरत. पावलाचा भाग खऱ्या चामड्याचाच असे. आत मोज्यांऐवजी लांबट फडके गुंडाळत. त्याचे एक टोक भिजले की दुसरे, पोटरीकडचे कोरडे टोक पावलाला घेता येई. त्यासाठी बूट सैल ठेवावा लागे आणि हिवाळ्यात त्यात गवत किंवा कागदही भरता येई. याउलट घट्ट बसणाऱ्या जर्मन बुटाच्या तळातील लोखंडी खिळ्यांमुळे पावले लवकर गारठत, असे मानले जाते. कडाक्याच्या थंडीत सोव्हिएत सैनिक नमद्याचे (दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे) ‘वालेन्की’ बूट वापरत.

ब्रिटिशांचा घोट्यापर्यंतचा ‘ॲम्युनिशन बूट’ भारतीय सैन्यालाही मिळे. कानपूर हे त्याच्या उत्पादनाचे एक केंद्र होते. ब्रह्मदेशातील ओलाव्यात चामडे कुजत असल्याने युद्धाच्या उत्तरार्धात तेथे कॅनव्हास व रबराचे बूटही आले. अमेरिकेने १९४३ मध्ये दोन बकलांचा उंच बूट स्वीकारल्याने वेगळ्या गेटरची गरज उरली नाही. तरीही १९४४–४५ च्या हिवाळ्यात ओल्या थंडीने पाय निकामी झालेले तिचे सैनिक हजारोंच्या संख्येत होते. जपानी सैनिक खिळेबंद बुटांखेरीज अंगठा वेगळा असलेले, रबरी तळाचे ‘जिका-ताबी’ही वापरत.